दुसरा हात

"शेपटीला नको गं धरू त्याला."

निलोफर मुजावर माझ्याशी बोलली ते पहिलं वाक्य हे. नमस्कार नाही, तुझं नाव काय नाही. मी अ‍ॅनिमल हाऊसमध्ये उभी, डोक्यापासून पायापर्यंत निळा गाऊन, तोंडाला मास्क, डाव्या हातात शेपटीला धरून उलटा लटकवलेला उंदीर, उजव्या हातात सुई, आणि दारात ही नवी पोरगी. लॅबमध्ये येऊन हिला अर्धा दिवस झालेला, आणि ही मला सांगतेय शेपटीला नको धरू. अरे, मी तीन वर्षं तेच करत होते. पुस्तकात तसंच दिलंय, व्हिडिओत तसंच दाखवतात, जिकडेतिकडे तसंच उचलतात. मी म्हटलं, मग कशाला धरू, कानाला? तर ती अगदी थंडपणे म्हणाली, "कशालाच नको. ओंजळीत घे की."

ओंजळीत. तीर्थ घेतात तसं. मी हसले, उंदराला मानेच्या कातडीला पकडलं, सुई टोचली, पिंजऱ्यात टाकला, पुढचा उचलला. तेव्हा मला काही वाटलंच नव्हतं, खरंच सांगते. जळायला अजून आठवडाभर अवकाश होता.

थांबा, त्या उंदरांचं आम्ही काय करत होतो ते आधी सांगते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. मेंदूतल्या नसांवर एक वेष्टण असतं, वायरवर प्लास्टिक असतं ना, तसं. काही माणसांच्या शरीरातलं सैन्य, म्हणजे ज्याने जंतूंना मारायचं ते, त्या वेष्टणालाच शत्रू समजून कुरतडायला लागतं. मग पाय लुळे पडतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, हातातला कप सुटतो. आणि हे ऐन पंचविशी-तिशीतल्या बायकांना जास्त. उंदरांना हा आजार आपोआप होत नाही, तो आम्ही करायचो. त्या वेष्टणाचा एक बारीक तुकडा तेलात घोटायचा, कातडीखाली टोचायचा, की दीडेक आठवड्यात आधी शेपटी लोंबायला लागते, मग मागचे पाय फरपटतात.

आता माझा भाग. नसा नुसते निरोप पोचवत नाहीत, त्या बारीक बारीक प्रथिनंही सोडतात, न्यूरोपेप्टाइड म्हणतात त्यांना, आणि गंमत म्हणजे त्यांचं बोलणं त्या सैन्याच्या पेशींनाही ऐकू जातं. त्यातल्या एकाचं नाव एवढं लांबलचक आहे, पण आद्याक्षरं होतात व्हीआयपी. त्यामुळे आमच्या लॅबमध्ये त्यांना साहेबच म्हणायचे. काय तेजल, आज साहेब आले का, असं. तर हे साहेब त्या चवताळलेल्या पेशींना सांगतात की बाबांनो गप बसा, समोर आपलेच लोक आहेत. मी निम्म्या उंदरांना रोज साहेब टोचायचे आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. पाणीवाले लुळे पडायचे, साहेबवाले पिंजराभर पळायचे. इतका स्वच्छ फरक की आकडेमोड करायच्या आधी नुसत्या डोळ्यांनी दिसायचा. आणि माझा हात एवढा चालायचा की अख्खा पिंजरा टोचून व्हायचा तोवर दुसऱ्या लॅबवाल्यांचं पहिल्या उंदराशी झटणं चालू असायचं. बाकीच्या मजल्यांवरून पोरं यायची, तेजल, जरा तुझ्यासारखं तेल घोटून दे ना म्हणत.

एवढं असताना पेपर पाठवायचा बाकी होता तो एकाच कारणाने. आमच्या गाईड, पेंढारकर मॅडम. उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा, पण नियम म्हणजे नियम. लॅबमधला कुणाचाही निकाल दुसऱ्या हाताशिवाय बाहेर जायचा नाही. म्हणजे तुम्ही हवी तेवढी वर्षं हवं ते करा, पाठवायच्या आधी तोच प्रयोग लॅबमधलं दुसरं कुणीतरी पहिल्यापासून करणार, आणि तेच आलं तर खरं. उंदीर किती लुळे आहेत हे मॅडम स्वतः बघणार, कुठल्या पिंजऱ्यात काय टोचलंय हे त्यांना न सांगता. जर्मनीतल्या एका लॅबने मला कळवलं होतं, पेपर छापून आला की या. फैजपूरला आईने तर अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलेलं की तेजलचं नाव छापून येणार, पहिलं. माझं सगळं त्या दुसऱ्या हातावर येऊन थांबलेलं. मला वाटलं, कुणीतरी जुनं, मुरलेलं माणूस देतील. मॅडम म्हणाल्या, निलू करेल.

निलू. आठवड्यात निलू. मला तीन वर्षं झाली तरी त्या तेजल चौधरी म्हणायच्या, हजेरी घेतल्यासारखं.

मग काय, मला जे दिसायला लागलं ते दिसतच गेलं. मॅडम कधी कुणाच्या डब्याला हात लावायच्या नाहीत, त्या निलोफरच्या डब्यातल्या लसणाच्या चटणीसाठी स्वतःची पोळी घेऊन येऊन बसायला लागल्या. माझ्या टेबलाशी यायच्या तेव्हा उभ्याने बोलायच्या, तिच्या टेबलाशी स्टूल ओढायच्या. हसायच्या सुद्धा. माझ्याशी बोलताना त्या एकदाच हसल्या होत्या, सेमिनारमध्ये मी घाबरून स्वतःची ओळख पेंढारकर अशी करून दिली तेव्हा. निलोफर मिरजेची. त्यांच्याकडे पोरीसुद्धा येतो, जातो म्हणतात, तर ही पण, मॅडम, मी करतो की, मॅडम, मी बघून येतो. हे मॅडमना इतकं आवडायचं की त्या पण अधूनमधून होय की म्हणायला लागल्या. मी एकदा होय की म्हणून बघितलं. कुणाचं लक्षच गेलं नाही.

आणि तुम्हाला वाटेल ती आगाऊ असेल. अजिबात नाही, तीच तर पंचाईत. माझा गाऊन दोरीवरून पडला तर उचलून ठेवायची. मला ताप होता त्या दिवशी माझ्या बाटल्या धुऊन ठेवल्या आणि सांगितलंही नाही. एखादी वाईट असली की तिच्यावर जळायला बरं पडतं. चांगलीवर जळायचं म्हणजे फार मेहनत लागते, रोज नवीन कारण शोधावं लागतं.

तिने प्रयोग सुरू केला. तेल तिने घोटलं, पण मी तपासलं. पाण्यावर थेंब सोडायचा, पसरला तर कच्चं, गोळा राहिला तर पक्कं. पक्कं होतं. तिने टोचलं, रोज साहेब दिले, रोज पाणी दिलं, आणि मी वाट बघत बसले की कधी एकदा तिचे पाणीवाले लुळे पडतात. मॅडम रोज आत जाऊन बघून यायच्या, आणि एक दिवस हातमोजे काढत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "हिचे सगळेच चालतायत."

सगळेच म्हणजे सगळेच. साहेबवाले चालतायत ते ठीक आहे, पाणीवाले पण चालतायत. एखाद-दोघांची शेपटी जरा ढिली, बस. म्हणजे साहेब द्या नाहीतर देऊ नका, फरक शून्य. म्हणजे माझी तीन वर्षं शून्य.

मी तिथल्या तिथे म्हटलं की हिचं पहिलं इंजेक्शनच गळालं असणार, बाहेर सांडलं असणार, नव्या हाताचं होतंच तसं. निलोफर म्हणाली, तसं असेल पण. भांडली सुद्धा नाही. मॅडमनी दोघींकडे बघितलं आणि सांगितलं, ठीक आहे, मग आता असं करा. तेल तेजल घोटेल. पहिलं इंजेक्शन सगळ्या उंदरांना तेजलच देईल, एकाच दिवशी, एकाच सिरिंजमधलं. त्यानंतर निम्मे पिंजरे तेजलकडे, निम्मे निलूकडे. रोजचं टोचणं, पिंजरा बदलणं, सगळं ज्याचं त्याने.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. म्हटलं, आता पितळ उघडं पडणार. या वेळी आजार माझ्या हातचा, अस्सल. हिच्या पिंजऱ्यातले पाणीवाले लुळे पडणारच, मग मॅडमना कळेल की पहिल्या वेळी हिचंच चुकलं होतं. मी ते तेल असं घोटलं की मनगटं दुखायला लागली.

तर झालं काय, माझ्या पिंजऱ्यांत नेहमीचंच. पाणीवाले कोपऱ्यात फरपटतायत, साहेबवाले पळतायत. आणि निलोफरच्या पिंजऱ्यांत पुन्हा सगळेच चालतायत. माझ्या तेलावर. माझ्या इंजेक्शनवर.

मॅडमनी आम्हाला त्यांच्या केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला होता, त्यावरूनच मी ओळखलं की काहीतरी वाईट आहे. त्या म्हणाल्या, बघा, उंदीर तेच, तेल तेच, पहिली सुई तीच. उरतो फक्त रोजचा हात. मग माझ्याकडे वळल्या.

"तेजल चौधरी, तुझे उंदीर तुला घाबरतात."

असं वाटलं कुणीतरी शाळेच्या प्रार्थनेत पुढे बोलावून सांगितलंय. मी काहीतरी बोलायचं म्हणून वाद घातला. म्हटलं, मॅडम, घाबरल्यावर स्टेरॉइड वाढतं ना अंगात? ते तर सैन्याला दाबतं. मग माझे कमी आजारी पडायला हवेत, जास्त कसे?

"एकदा घाबरले तर," मॅडम म्हणाल्या. "रोज घाबरले की पेशी त्याचं ऐकेनाशा होतात. रोज ओरडणाऱ्या आईचं पोरं ऐकतात का?"

आणि कदाचित, म्हणाल्या, कदाचित हं, निलूचे उंदीर निवांत असतात म्हणून त्यांचे साहेब त्यांच्या अंगातच तयार होतात. बाहेरून द्यायची गरजच राहत नाही. तुझे द्यावे लागतात. म्हणजे तुझा निकाल खोटा नाही, फक्त तो घाबरलेल्या उंदरांचा आहे.

निलोफर इतका वेळ कपातल्या चहाकडे बघत होती. ती हळूच म्हणाली, "मॅडम, तसं नाही, ती लई भराभर करते ना, म्हणून." माझी बाजू घेत होती. मला तेव्हा त्या चहात बुडून जावंसं वाटलं. शत्रूने मारलं तर सोसतं हो, शत्रूने पाठीवरून हात फिरवला की अंगावर काटा येतो.

मॅडमचा निर्णय असा. तेजल निलूकडून उंदीर धरायला शिकेल. मग पुन्हा नवे उंदीर, दोघींचे वेगवेगळे पिंजरे, पुन्हा सगळं पहिल्यापासून. तेजलचे पाणीवाले नेहमीसारखे लुळे पडले, तर हाताचा काही संबंध नाही, पेपर आहे तसा जाईल, पहिलं नाव तेजलचं. पण तेजलचे पाणीवालेही चालायला लागले, तर हा पेपर साहेबांचा उरत नाही, हाताचा होतो. तो सगळा पुन्हा लिहावा लागेल, आणि पहिलं नाव निलूचं, कारण हात तिचा आहे. इतकं सरळ सांगितलं त्यांनी, मीठ किती घालायचं सांगावं तसं.

आता नीट ऐका. आत अ‍ॅनिमल हाऊसमध्ये मी एकटी असणार होते. माझ्या वेळेला माझे पिंजरे, तिच्या वेळेला तिचे. मी उंदीर कसा उचलते हे बघायला तिथे कुणी उभं राहणार नव्हतं. मला काही करायचंच नव्हतं, म्हणजे जसं तीन वर्षं करत होते तसंच करत राहायचं होतं, पुस्तकात दिलंय तसं. पेपर माझा, जर्मनी माझी, आईची गल्ली माझी. कुणाला कळलंही नसतं.

पण त्याआधी शिकवणी झाली ना.

निलोफरने मला माझ्याच साहेबवाल्यांच्या पिंजऱ्यात फक्त हात ठेवायला सांगितलं. उचलायचं नाही, पकडायचं नाही, नुसता उताणा हात, भाजी निवडायला बसल्यासारखा. मी ठेवला. सगळे उंदीर पलीकडच्या कोपऱ्यात, एकावर एक, एक गठ्ठा, आणि त्या गठ्ठ्याच्या वरती माझ्याकडे बघणारे काळे मणी. बराच वेळ. एकही हलला नाही. मी म्हटलं, हे काय, मोजे घातलेत, वास नाही, काही नाही, यांना कसं कळतं? ती म्हणाली, "तुला कुणी मागनं येऊन उचललं की तू काय त्याचा मोजा बघतीस?"

मग तिने माझ्या हाताशेजारी स्वतःचा हात ठेवला.

आणि ते आले. आधी एक, नाक हलवत, मग दोन, मग सगळेच. माझ्या हाताला वळसा घालून, अक्षरशः रस्त्यात दगड असावा तसा वळसा घालून, तिच्या हातावर चढले. एक तिच्या बाहीत शिरला आणि आतून शेपटी बाहेर काढून बसला. ती हसत होती, मास्कच्या आत, आणि त्याला काहीतरी सांगत होती, बस की गपचिप, गुदगुल्या करतोस, असं काहीतरी.

 चटणी, स्टूल, निलू, होय की, त्या सगळ्यावर मी जळत होते ते म्हणजे काहीच नव्हतं, ती नुसती तालीम होती. तीन वर्षं मी या जातीला खायला घातलं होतं. दिवाळीला घरी न जाता यांच्या पिंजऱ्यातलं तूस, म्हणजे खाली अंथरायचा भुसा, बदललं होतं. आणि हे माझ्या हाताला वळसा घालून तिच्याकडे गेले.

त्या दिवसापासून मी वेडी झाले. मला पेपर दिसेना, जर्मनी दिसेना. प्रामाणिकपणा वगैरे तर मनात सुद्धा आला नाही, उगीच मला मोठेपणा देऊ नका. मला फक्त तिच्यापेक्षा चांगलं धरायचं होतं. ती पिंजऱ्यात जेवढा वेळ हात ठेवायची त्याच्या दुप्पट मी ठेवायला लागले. अत्तर लावणं सोडलं, साबण बदलला, कांदा खाणं सोडलं. आत शिरायच्या आधी बाहेर उभी राहून श्वास सावकाश करायचे, कारण एकदा माझ्या लक्षात आलं की मी जिन्यावरून धावत आले की ते कोपऱ्यात जातात. ती उंदराला बाहीला नखं रोवून बसू द्यायची आणि बसल्याजागी टोचायची. मी ते शिकले. मग तिला येत नाही ते पण शिकले, उंदीर कोपराच्या खोबणीत झोपल्यासारखा पडतो आणि सुई गेली तरी नुसता कान हलवतो. माझा सगळा वेग गेला. जे चुटकीसरशी व्हायचं त्याला अख्खी सकाळ जायला लागली. बाकीच्या मजल्यांवरची पोरं म्हणायची, तेजलला काय झालंय.

आईचा फोन यायचा, छापून कधी येणार. मी म्हणायचे, आई, उंदीर अजून हाताशी येत नाहीत. आई म्हणायची, मग पिंजरा लाव की, आपल्याकडे भजं लावून ठेवतात.

पहिला उंदीर आला तो असाच. मी काही करतही नव्हते, कंटाळून हात तसाच ठेवला होता, आणि बोटाच्या टोकाला काहीतरी लागलं. मी बघितलं सुद्धा नाही, म्हटलं बघितलं तर जाईल. मग तळव्यावर वजन आलं. उंदराचं वजन म्हणजे काय हो, दोन-चार बिस्किटं ठेवा हातावर. पण मी तिथे उभ्या उभ्या रडकुंडीला आले होते, आणि डोक्यात एकच, हे निलोफरने बघायला पाहिजे होतं.

मग नवे उंदीर आले, प्रयोग पुन्हा सुरू झाला, आणि मॅडम रोज बघायला आत जायच्या ते दिवस माझे असे गेले की विचारू नका. आम्ही दोघी बाहेर बाकावर बसायचो, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. दीड आठवडा गेला, दोन गेले, मॅडम रोज बाहेर यायच्या, वहीत आकडे लिहून निघून जायच्या. शेवटच्या दिवशी मोजे काढले, आमच्या समोर उभ्या राहिल्या, आणि कुठल्या पिंजऱ्यात काय होतं ते आम्ही सांगितल्यावर स्वतःशीच मान हलवली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझे हिच्यापेक्षाही बरे आहेत."

पाणीवाले. माझे. एकाचीही शेपटी ढिली नाही. तिच्यात तरी एखाद-दुसरी होती.

मी उठून उभी राहिले. खरंच, बाकावरून उठले, आणि तोंडातून निघालं, "हिच्यापेक्षा?" मॅडम म्हणाल्या, हो. मी म्हटलं, नक्की ना? त्या म्हणाल्या, हो, नक्की. मग म्हणाल्या, "कळलं ना पण, काय झालं ते?"

तेव्हा कळलं. म्हणजे माहीत होतंच, पण तेव्हा उतरलं. माझ्या साहेबांना काही कामच उरलं नव्हतं. माझ्या हातानेच त्यांचं काम काढून घेतलं होतं. मी निलोफरवर जिंकले होते आणि माझा पेपर तिला देऊन बसले होते, आणि दोन्ही एकाच वाक्यात झालं होतं. तो पेपर पुढे बऱ्याच दिवसांनी निघाला, पहिलं नाव मुजावर, दुसरं चौधरी. जर्मनीवाल्यांनी तोवर दुसऱ्या कुणाला घेतलं. आईने गल्लीत काय सांगितलं ते मी कधी विचारलं नाही.

पण मला सांगायचंय ते त्याच दुपारचं. मॅडम गेल्या, आणि आम्ही दोघी आत गेलो, उंदरांना शेवटचं तूस घालायला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सगळ्यांना भूल देऊन त्यांची प्लीहा काढायची होती, तिथे ते सैन्य जमतं ना, त्यात साहेब खरंच घरचे तयार होतायत का ते मोजायला. त्यांना परत जाग येणार नव्हती. तसंच असतं, प्रयोग सुरू करतानाच ठरलेलं असतं, आणि आम्ही त्याबद्दल कधी बोलायचो नाही. त्या दिवशीही नाही बोललो.

निलोफरने तिचा एक पिंजरा उघडून टेबलावर ठेवला आणि ती तुसाची पिशवी आणायला वळली. मी शेजारी माझा पिंजरा पुसत होते, डावा हात टेबलावर टेकलेला. तिच्या पिंजऱ्यातून एक उंदीर काठावर चढला, इकडे नाक केलं, तिकडे नाक केलं, खाली उतरला, टेबल ओलांडलं, आणि सरळ माझ्या हातावर आला. मनगटावरून वर, कोपराच्या खोबणीत, आणि तिथे अंग गोळा करून बसला, जसा काही रोजचाच आहे.

निलोफर पिशवी घेऊन वळली आणि जागच्या जागी थांबली.

मास्कवर फक्त डोळे दिसतात. तिचे डोळे एरवी नेहमी हसरे. त्या दिवशी आधी ते उंदराकडे गेले, मग माझ्याकडे, मग परत उंदराकडे, आणि त्यात जे आलं ना, ते मी लांबून ओळखलं असतं. मी कित्येक महिने रोज सकाळी आरशात तेच बघून लॅबला येत होते. मॅडम तुझे हिच्यापेक्षाही बरे म्हणाल्या तेव्हाही ते तिच्या डोळ्यांत नव्हतं. आत्ता होतं.

"तो माझा आहे," ती म्हणाली. आवाज जरा चढलाच होता. "कान बघ त्याचा. माझ्या पिंजऱ्यातला आहे तो."

मी कान बघितला. कानाला पिंजऱ्याची खूण पाडलेली असते, ती तिचीच होती. तिने हात पुढे केला, उताणा, ओंजळ करून, आणि आम्ही दोघी बघत राहिलो. त्याने तिच्या बोटांचा वास घेतला. मिशा हलल्या. मग त्याने डोकं परत माझ्या कोपरात खुपसलं.

"दे की," ती म्हणाली, आता अगदी हळू.

मी हात तिच्या दिशेने नेला सुद्धा, अर्ध्यापर्यंत. मग थांबवला.

"बसू दे गं," मी म्हटलं. "उद्यापर्यंतच तर आहे."